६२८, वीस इकडे वीस तिकडे

४ जानेवारी २०१६, सोमवार. संध्याकाळची कल्याण लोकल. ठाणं गेल्यावर डब्यात हात हलवण्यापुरती जागा झाली, तशी शेजारच्या गृहस्थांनी ओळख ना पाळख, आपला फोन माझ्या नाकासमोर धरला.

"बघितलंत? आपल्या कल्याणचा पोरगा. सहाशे बावन्न."

"टीमचे?"

"एकट्याचे हो! आणि अजून नाबाद आहे. उद्या परत खेळणार."

पलीकडून एकाने विचारलं, "समोर काय बालवाडी होती?" डबा हसला. फोनवाले गृहस्थ मात्र दुखावले. जणू त्यांच्याच पुतण्याबद्दल कोणी बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रणव धनावडे १००९वर नाबाद राहिला आणि मग पुढचे चार दिवस दुसरी बातमीच नव्हती. त्या सगळ्या बातम्यांत एक ओळ हमखास असायची. पेपर कोणताही असो, ओळ तीच. '१८९९ साली ए. ई. जे. कॉलिन्स याने केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडीत निघाला.' एवढंच. कोण हा कॉलिन्स, कुठला, पुढे काय झालं त्याचं, काही नाही. ११६ वर्षं तो यादीत सगळ्यात वर बसून होता आणि आम्हाला त्याचं नाव कळलं ते तो खाली उतरला त्या दिवशी.

मला कॉलिन्समध्ये रस वाटला त्याला कारण आहे. मी शाळेत स्कोअरर होतो. बॅटिंग येत नव्हती, बॉलिंग त्याहून येत नव्हती, पण अक्षर बरं होतं आणि हिशेब पक्का. शाळेच्या टीममध्ये बारावा गडी म्हणून जायचं आणि चिंचेच्या झाडाखाली सतरंजीवर मांडी घालून वही भरायची, हे माझं क्रिकेट. त्यामुळे कोणी सहाशे म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बॅट्समन येत नाही. पेन्सिलीला टोक काढणारा कोणीतरी येतो. बॅट्समनच्या ओळीत एवढे आकडे मावले कसे? आकडे खोडायचे छापील चौकोन संपल्यावर त्याने काय केलं असेल?

तर आर्थर एडवर्ड ज्यून कॉलिन्स. जन्म १८ ऑगस्ट १८८५, हजारीबाग. होय, आपलं झारखंडातलं हजारीबाग. तेव्हा ते बंगाल इलाख्यात होतं. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये न्यायाधीश. साहेबाची मुलं जराशी मोठी झाली की बोटीत बसवून विलायतेला शिकायला धाडायची, अशी त्या काळची रीत. आर्थरच्या बाबतीत ती रीत जास्तच कठोर ठरली. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात तो शिकू लागला तोवर आई-वडील दोघंही गेलेले होते. सुट्टीत जायचं ते डेव्हन परगण्यातल्या टॅव्हिस्टॉकला, पालनकर्त्यांकडे. बुटका, बांध्याने भरलेला, सोनेरी केसांचा, फिकट चेहऱ्याचा, फारसा न बोलणारा मुलगा, असं त्याचं वर्णन मिळतं. क्लिफ्टनला 'कॉलेज' म्हणतात, पण ती शाळाच, वसतिगृहवाली. मुलं निरनिराळ्या हाऊसमध्ये विभागलेली आणि हाऊसा-हाऊसांत सामने. त्यातही लहान मुलांचे वेगळे. २२ जून १८९९ला, गुरुवारी दुपारी साडेतीनला सुरू झालेला सामना असाच होता. क्लार्क्स हाऊस विरुद्ध नॉर्थ टाऊन, ज्युनियर. कॉलिन्स तेरा वर्षांचा. टॉस त्याने जिंकला आणि सलामीला आला.

आता मैदान बघा, कारण हा आकडा मैदानानेच घडवला. शाळेचं मुख्य मैदान मोठ्या मुलांसाठी; ही लहान मुलं खेळत होती ते गथ्री रोडलगतच्या तुकड्यावर. मैदान कसलं, एका अंगाला उतरतं वावरच. तीन बाजूंच्या सीमारेषा इतक्या जवळ की तिकडे चेंडू गेला तर चार नाहीत, दोनच धावा. चौथी बाजू उताराची. तिथे सीमारेषाच नाही. चेंडू घरंगळत जाईल तेवढं पळायचं. म्हणजे तीन बाजूंना मारलं तर कंजुषी आणि एका बाजूला मारलं तर दमछाक. गल्लीत खेळलेल्या कोणालाही हे नियम परके वाटू नयेत. 'पाटलांच्या कंपाउंडात गेला तर दोन, गच्चीवर गेला तर आऊट' असं आम्हीही ठरवायचो. कॉलिन्सच्या शाळेत आऊट नव्हतं, एवढाच फरक. त्या सामन्यातल्या एका स्कोअररने पुढे म्हातारपणी आठवण लिहिली. कॉलिन्सचे फटके फाइव्हज् (हाताने भिंतीवर चेंडू मारायचा खेळ) कोर्टांवरून थेट पोहण्याच्या तलावात पडत आणि आत डुंबणाऱ्यांच्या जिवावर बेतत. गोलंदाजी तशीच वागणूक मिळावी अशीच होती, असाही शेरा त्याने मारलाय. स्कोअररची जात मोठी निष्ठुर.

पहिल्या दिवशी खेळ थांबला तेव्हा कॉलिन्स नाबाद २००. शाळेतल्या सामन्यात द्विशतक म्हणजे वसतिगृहात रात्रभर चर्चेला पुरेल असं काम. दुसऱ्या दिवशी मात्र गोष्ट शाळेबाहेर पोचली. माणसं जमू लागली. तोवरचा सर्वांत मोठा आकडा होता ४८५. अँड्र्यू स्टॉडार्टने १८८६च्या ऑगस्टमध्ये हॅम्पस्टेडकडून स्टोइक्सविरुद्ध केलेला. स्टॉडार्ट आदल्या रात्री उजाडेपर्यंत पत्ते कुटत बसला होता आणि तिथून सरळ मैदानावर आला, अशी कथा सांगतात. शुक्रवारी संध्याकाळी कॉलिन्सने तो आकडाही ओलांडला. दिवसअखेर ५०९. मग शनिवार-रविवार गेला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कसाबसा तासाभराचा खेळ, ५९८. मंगळवार, २७ जून, चौथा दिवस. पलीकडे शेवटचा गडी रेडफर्न. त्याने पॉइंटला झेल दिला तेव्हा त्याच्या स्वतःच्या १३ धावा झाल्या होत्या, हाऊसच्या ८३६ आणि कॉलिन्सच्या ६२८, नाबाद. बाकी कोणाचं अर्धशतकसुद्धा नाही. एकूण सहा तास पन्नास मिनिटं, चार दिवसांत तुकड्यातुकड्यांनी. त्यानंतर त्याने चेंडू हातात घेतला आणि दोन डावांत मिळून अकरा गडी बाद केले. नॉर्थ टाऊन ८७ आणि ६१. एक डाव आणि ६८८ धावांनी विजय.

झेल किती सुटले? ८०वर सुटला, १००वर सुटला, १४०वर सुटला, ४००वर सुटला, ५५६वर, ६०५वर, ६१९वर. नॉर्थ टाऊनच्या त्या पोरांचा मला फार कळवळा येतो. जूनमधलं ऊन, समोरचा आऊट होत नाही, चेंडू सारखा उताराने पळतोय. आणायला जाणार कोण? तुमच्यातलाच सगळ्यात लहान. परत आलात की पुन्हा तेच. गुरुवार, शुक्रवार, मधे तीन रात्री झोपून सोमवारी पुन्हा तोच माणूस उभा. ६१९वर ज्याच्या हातून झेल सुटला त्याच्या मनात काय आलं असेल? मला विचाराल तर काहीही आलं नसेल. हात सुन्न झाले असतील.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे हिशेब. त्या ६२८ची फोड उपलब्ध आहे. एक षटकार, चार पाचा, एकतीस चौकार, तेहतीस तिन्या, एकशे सेहेचाळीस दुहेरी, सत्याऐंशी एकेरी. मी कागद घेतला. सहा, अधिक वीस, अधिक एकशे चोवीस, अधिक नव्याण्णव, अधिक दोनशे ब्याण्णव, अधिक सत्याऐंशी. बेरीज ६२८. चोख. गंमत अशी की स्कोअरर म्हणून बसलेल्यांपैकीच एकाने हसत म्हटल्याचं सांगतात, 'सहाशे अठ्ठावीस म्हणू या, वीस इकडे वीस तिकडे.' साऱ्या जगाने शतकभर मानलेला आकडा आणि ज्याने तो लिहिला तोच म्हणतोय, अंदाजे.

बाहेरच्या माणसाला यात विसंगती दिसेल. बेरीज जुळते तर वीस इकडेतिकडे कसे? ज्याने वही भरलीय त्याला ठाऊक असतं की बेरीज जुळणं हा कशाचाच पुरावा नाही. बेरीज जुळतेच, कारण ती जुळवायचीच असते. षटक संपलं की शेजारच्या स्कोअररला विचारायचं, 'तुझे किती?' तो म्हणतो एकशे बारा, तुझे एकशे अकरा. मग दोघं एकमेकांकडे बघता. तो फटका दोनाचा होता की एकाचा? अंपायर पाणी पीत होता. कोणीतरी एक माघार घेतो आणि कोणाच्या तरी ओळीत एक आकडा चढतो. पुढची दोन षटकं गेली की तो आकडा बाकीच्यांइतकाच खरा. आणि इथे तर धावा कशा? उताराने घरंगळणाऱ्या. पोरं पळताहेत, दूरवर कोणीतरी चेंडू शोधतोय, आरडाओरडा चाललाय. चार पळाले की पाच? तुम्ही वही सांभाळणार की मान वर करून मोजणार?

याच ठिकाणी मला एक कबुली द्यायची आहे. नववीत असताना आंतरशालेय स्पर्धेतला एक सामना. माझा जिवलग मित्र अठ्ठेचाळीसवर होता. आयुष्यात त्याने कधी पन्नास केले नव्हते. आमची आठवी विकेट पडलेली. समोरच्या शाळेचा एक किडकिडीत मुलगा गोलंदाजी करत होता. चेंडू पॅडला लागून फाइन लेगला गेला, दोघं दोनदा पळाले. अंपायरने पाय उचलून गुडघ्यावर हात मारला. लेग बाय, म्हणजे धावा बॅटच्या नाहीत, अवांतर. मी स्वच्छ पाहिलं. शेजारचा स्कोअरर वडापाव आणायला गेला होता. मी हात वर करून खूण मिळाल्याचं अंपायरला कळवलं आणि मित्राच्या ओळीत दोन लिहिले. पुढच्याच चेंडूवर त्याची दांडी उडाली. तो परत आला, 'किती?' म्हणाला. मी म्हटलं, 'पन्नास.' त्याने बॅट उंच उडवली.

एकूण धावसंख्या तीच राहिली. अवांतरातले दोन इकडे आले, एवढंच. पण क्रिकेटची वही द्विनोंदी पद्धतीची असते. लेग बाय गोलंदाजाच्या नावावर लागत नाही. बॅटची धाव लागते. त्यामुळे त्या किडकिडीत मुलाच्या खात्यावरही मला दोन धावा जास्तीच्या चढवाव्या लागल्या. नाहीतर बेरीज जुळली नसती. त्या मुलाचं नाव मला आठवत नाही.

असो. कॉलिन्स.

'ए. ई. जे. कॉलिन्स' ही आद्याक्षरं नुसती सोयीची नाहीत. इंग्लंडात तेव्हा क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या, जात हा शब्द मी विचार करून वापरतोय. एक अमॅच्युअर, म्हणजे पैसे न घेता खेळणारे, घरचे बरे, 'जंटलमन'. दुसरे प्रोफेशनल, म्हणजे खेळून पोट भरणारे, 'प्लेयर्स'. दोघांचे कपडे बदलायचे वेगळे कक्ष, मैदानात उतरायची वेगळी फाटकं. दरवर्षी लॉर्ड्सवर या दोघांचा आपसांत सामना व्हायचा. आणि धावफलकाच्या छापील कागदावर अमॅच्युअरची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, प्रोफेशनलची आडनावाच्या मागे. हे इतकं काटेकोर होतं की एकदा लॉर्ड्सवर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती सांगण्यात आली होती. कागदावर 'एफ. जे. टिटमस' असं छापलंय ते 'टिटमस, एफ. जे.' असं वाचावं. १९६२च्या अखेरीस हा भेद अधिकृतपणे संपला. आमच्या शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. लॉर्ड्सच्या हिशेबाने आम्ही सगळेच पोटार्थी.

अमॅच्युअरला मराठीत 'हौशी' म्हणतात. शब्द गोड आहे, पण फसवा. हौस परवडावी लागते. त्या काळातले सर्वांत थोर 'हौशी' म्हणजे डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस. १८९५ साली त्यांच्या सन्मानार्थ वर्गणी जमली ती नऊ हजार पौंडांच्या घरात. कुठल्याही धंदेवाईक खेळाडूने एवढे पैसे स्वप्नातही पाहिले नसतील, तरी डॉक्टरांची आद्याक्षरं आडनावाच्या आधीच राहिली. त्यांचा थोरला मुलगाही क्लिफ्टनलाच शिकलेला. आणि योग बघा, कॉलिन्सच्या सामन्याच्या तीनच आठवडे आधी, १८९९च्या जूनच्या पहिल्या तारखेला नॉटिंगहॅमला सुरू झालेली कसोटी ही ग्रेस यांची शेवटची. वय पन्नास. वाकून चेंडू उचलायचा तर जमीन फार लांब गेलीय, असं त्यांनी कबूल केल्याचं सांगतात. तिकडे बुरुज ढासळत होता आणि इकडे एक तेरा वर्षांचा मुलगा उताराने पळत होता.

त्या खेळीनंतर कॉलिन्सचं काय झालं? पेपरांत नाव आलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. मग तो बाकीच्या मुलांसारखाच मोठा झाला. शाळेच्या मुख्य संघात आला, रॅकेट्स (स्क्वॉशसारखा खेळ) खेळला, १९०१ साली पब्लिक स्कूल्सच्या बॉक्सिंगमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर वुलिचची लष्करी अकादमी आणि १९०४ला रॉयल इंजिनियर्समध्ये अधिकारी. प्रथम दर्जाचा एकही सामना तो खेळला नाही. लष्करी सामन्यांत खेळायचा. १९१३मध्ये लॉर्ड्सवर तोफखान्याविरुद्ध त्याने ५८ आणि ३६ केले. चांगल्या धावा आहेत. पण तेराव्या वर्षी ६२८ केलेल्या माणसाने अठ्ठाविसाव्या वर्षी अठ्ठावन्न केले तर लोक काय म्हणतात हे आपल्याला माहीत आहे. मला तर वाटतं, त्याने सैन्यातला तांत्रिक विभाग निवडला तो बरं केलं. पूल बांधायचे, खंदक खणायचे. तिथे कोणी 'मग, परत कधी सहाशे?' असं विचारत नसेल. विचारतही असतील म्हणा. माणसं सगळीकडे सारखी.

१९१४च्या वसंतात त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव एथेल. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं. त्याच महिन्यात ग्रेस यांनी पेपरात पत्र लिहिलं की क्रिकेट थांबवा, धडधाकट खेळाडूंनी भरती व्हावं. कॉलिन्सला ते वाचायची गरज नव्हती. तो आधीच फ्रान्सच्या वाटेवर.

इंजिनियर्समधल्या सैनिकाला 'सॅपर' म्हणतात. हा शब्द पुण्याच्या माणसाला नवा नाही. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. आमच्या लहानपणी पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहायचे. सॅपरचं काम काय, तर बांधणं आणि उडवणं, असं ते सांगत. बंदूक घेऊन धावायची पाळी आली की समजायचं पायदळ संपलं. १९१४च्या शरदात तीच पाळी आली होती. २८ ऑक्टोबरला फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावात बॉम्बे सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या सत्तेचाळिसाव्या शीख पलटणीबरोबर संगिनी लावून घुसल्या आणि घरोघर लढत अक्षरशः कापल्या गेल्या. दोन आठवड्यांनी, तिथून तीसेक किलोमीटर उत्तरेला, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत कॉलिन्सच्या पाचव्या फील्ड कंपनीवर तीच वेळ. ११ नोव्हेंबर १९१४. पॉलिगॉन वूडचा परिसर, समोर जर्मनांचे प्रशियन गार्ड्स. खंदकाच्या बगलेला आणखी माणसं हवीत म्हणून कॅप्टन कॉलिन्स हाताने खुणा करत होता, तेव्हा त्याला गोळी लागली. ओढून खंदकात आणलं. तासाभराने गेला. वय एकोणतीस. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

पुढच्या चार वर्षांत ती जमीन इतक्या वेळा नांगरली गेली की त्याची कबर सापडली नाही. ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर, ज्यांना थडगं नाही अशा चौपन्न हजारांहून जास्त नावांत त्याचं नाव आहे. तिथे आपल्याकडच्या शिपायांचीही नावं आहेत. त्याचा भाऊ हर्बर्टही १९१७च्या फेब्रुवारीत पडला. हजारीबागच्या त्या न्यायाधीशांचे हे दोन मुलगे. आणि तो रात्रभर पत्ते खेळणारा स्टॉडार्ट? पैशाची ओढाताण चालली होती, तब्येत गेली होती. १९१५च्या एप्रिलमध्ये त्याने स्वतःवर पिस्तूल चालवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रेसही गेले. १८८६ आणि १८९९चे दोन विक्रमवीर आणि त्यांचा आजोबा शोभावा असा डॉक्टर, तिघं एका वर्षाच्या आत संपले.

क्लिफ्टनच्या त्या उतरत्या तुकड्याला आता 'कॉलिन्सेस पीस' म्हणतात. भिंतीवर पाटी आहे.

आपल्याकडे शाळकरी धावांचं वेड कमी नाही. मुंबईत शाळांसाठी जी हॅरिस शील्ड खेळली जाते ती लॉर्ड हॅरिसच्या नावाने. तोही व्हिक्टोरिया राणीच्या काळचा पक्का अमॅच्युअर, इंग्लंडचा कर्णधार, आणि १८९० ते १८९५ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. त्याच शील्डमध्ये १९८८च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने नाबाद ६६४ची भागीदारी केली. २०१३मध्ये पृथ्वी शॉने ५४६. म्हणजे धनावडे आभाळातून पडला नाही. मुंबई-ठाण्याच्या मैदानांत हे बी फार पूर्वीच पेरलेलं आहे. पण कॉलिन्स आणि धनावडे यांच्यात एक फरक मला छळतो. कॉलिन्सने ६२८ केले तेव्हा त्यातून काही मिळवायचं नव्हतं. तो वर्गातून सुटून खेळायला आला होता आणि आऊट झाला नाही. रिक्षा चालवणाऱ्या बापाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने १००९ केले, १२९ चौकार आणि ५९ षटकार मारले, त्या क्षणी त्याच्यामागे शिष्यवृत्ती, कॅमेरे, सत्कार आणि 'पुढे काय' असं सगळं लागलं. सचिन तेंडुलकरने बॅट पाठवली. वर्ष-दीड वर्षात बातम्या फिरल्या. धावा आटल्या, आणि शिष्यवृत्ती थांबवा असं वडिलांनी क्रिकेट संघटनेला स्वतःहून कळवलं. ती बातमी वाचून लोकलमधले ते बालवाडीवाले नक्की म्हणाले असतील, 'मी सांगितलं नव्हतं?' मला त्या वडिलांबद्दल मात्र फार आदर वाटला. नऊ हजार पौंड घेणाऱ्या डॉक्टरांपेक्षा हा माणूस मला जास्त जंटलमन वाटतो.

समोरचे गोलंदाज लहान होते, झेल सुटत होते, मैदान छोटं होतं, हे सगळं कल्याणबद्दल जेवढं खरं तेवढंच क्लिफ्टनबद्दल. पण क्लिफ्टनला हे म्हणायला कोणी जात नाही. तिथे एक मृत कॅप्टन उभा आहे, पाटीसकट.

५ जानेवारीच्या रात्री, धनावडेचे हजार झाल्यावर, मित्राचा फोन आला. तोच. आता दोन मुलींचा बाप आहे, बँकेत अधिकारी आहे, गुडघा दुखतो. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाला, "काही म्हण, शाळेतल्या रन्सची मजाच वेगळी. आपली ती पन्नास आठवते का रे?"

"आठवते की."

"धाकटी विश्वास ठेवत नाही. म्हणते, पप्पा, प्रूफ दाखवा. तूच होतास ना वहीवर त्या दिवशी?"

"मीच होतो."

"वही आहे का रे कुठे?"

वही माझ्याच कपाटात आहे, सगळ्यात खालच्या खणात, शाळेने नवी घेतली तेव्हा जुनी मी मागून घेतली होती. बाविसावं पान. मित्राच्या ओळीतले शेवटचे दोन बाकीच्या आकड्यांपेक्षा जरा गडद आहेत; पेन्सील दाबून लिहिली गेली होती.

"नाही रे," मी म्हटलं. "वाळवीने खाल्ली."